आधी तुकडा, मग औषध

१८८८ साली पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्रादमध्ये, योहान मिकुलिच या नामवंत शल्यचिकित्सकाकडे एक शेतकरी आला. त्याच्या दोन्ही वरच्या पापण्या बाहेरच्या अंगाला सुजल्या होत्या आणि डोळे धड उघडत नव्हते. लाळग्रंथीही फुगलेल्या. दुखत मात्र काहीच नव्हतं. मिकुलिचने अश्रुग्रंथी कापून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यात बारीक गोल पेशींची नुसती दाटी झाली होती.

१८९२ साली त्याने हा रुग्ण लिहून प्रसिद्ध केला आणि आजाराला त्याचंच नाव पडलं. पुढे कित्येक दशकं, अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी सुजलेला माणूस आला की तो ‘मिकुलिच’च्या खात्यावर टाकला जाई. प्रत्यक्षात त्या खात्यात कुणाला क्षय होता, कुणाला सारकॉइडोसिस, कुणाला शोग्रेनचा आजार, तर कुणाला लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी डॉक्टरांनी ‘आयजीजी४’ या प्रतिपिंडाशी निगडित असा एक वेगळाच दाह ओळखला, आणि मिकुलिचने वर्णन केलेला आजार त्यात मोडतो असं आता मानलं जातं.

म्हणजे बाहेरून सूज एकसारखी, आत आजार पाच. त्यातला एक गोळ्यांनी बरा होतो, एकाला क्षयाची औषधं लागतात, एकाला किरणोपचार. यातला कोणता आजार आहे हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही आणि स्कॅनवरूनही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी तिथला तुकडा काढून तपासावाच लागतो. डोळ्याभोवतीच्या लिम्फोमाच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. तुकड्यातून मिळणारी माहिती जसजशी नेमकी होत गेली, तसतसे उपचार हलके होत गेले.

लसिकापेशी डोळ्यापाशी काय करतात?

लिम्फोमा म्हटलं की मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठी आठवतात. लसिकापेशी या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जंतूंशी लढणं हे त्यांचं काम आणि लसिकाग्रंथी ही त्यांची ठाणी. पण बाहेरच्या जगाशी जिथे जिथे शरीराचा ओला संबंध येतो, तिथेही त्या पहाऱ्यावर असतात: जठर, आतडी, फुप्फुसं, लाळग्रंथी आणि डोळ्याचा पृष्ठभाग. तिथल्या बी-लसिकापेशींपैकी एखादी पेशी ताब्याबाहेर गेली आणि स्वतःच्याच प्रती काढत सुटली की लिम्फोमा होतो.

डोळ्याभोवती तो पाच ठिकाणी दिसतो: डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण म्हणजे नेत्रश्लेष्मला, पापणी, अश्रुग्रंथी, अश्रुपिशवी आणि खोबणीतली चरबी व स्नायू. प्रौढांच्या खोबणीत मुळातच उद्भवणाऱ्या कर्करोगांत सर्वाधिक आढळतो तो हाच. तरीही एकूण लिम्फोमांमध्ये त्याचा वाटा एक-दोन टक्क्यांचाच. रुग्ण बहुतेक साठीच्या आसपासचे असतात.

या लिम्फोमांपैकी निम्म्याहून अधिक एकाच जातीचे असतात. ती जात वेगळी ओळखण्याचं श्रेय पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञांना जातं. १९८३ साली त्यांनी दाखवलं की जठरासारख्या अवयवांच्या अस्तरात उगवणारे काही लिम्फोमा लसिकाग्रंथींतल्या लिम्फोमांसारखे वागत नाहीत. ते संथ असतात आणि वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात. अस्तराशी जोडलेल्या लसिका-ऊतीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘माल्ट’ लिम्फोमा म्हणतात. डोळ्याभोवतीचा नेहमीचा लिम्फोमा तो हाच. बाकीच्यांत फॉलिक्युलर हाही संथ. मँटल सेल आणि मोठ्या बी-पेशींचा डिफ्यूज लिम्फोमा हे मात्र जोरकस असतात आणि त्यांना वेळ देऊन चालत नाही.

न दुखणारी सूज

माल्ट लिम्फोमा दुखत नाही, म्हणून माणूस उशिरा येतो. आधी वाटतं रांजणवाडी असेल, मग वाटतं जागरणामुळे पापणी जड झाली. डोळा लाल दिसला तर डोळे आले म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. डोळ्यात मांस वाढलंय, असं घरातलं कुणीतरी सांगतं. असे महिने जातात, कधी वर्षही.

नेत्रश्लेष्मलेवरचा लिम्फोमा एकदा पाहिला की विसरत नाही. खालची पापणी बोटाने खाली ओढली आणि रुग्णाला वर बघायला सांगितलं की पापणीच्या आतल्या घडीत गुलाबी-नारिंगी, गुळगुळीत, मांसल चकती दिसते. पाश्चात्त्य डॉक्टरांनी सॅल्मन माशाच्या रंगावरून तिला ‘सॅल्मन पॅच’ नाव दिलं आणि आपल्याकडच्या दवाखान्यांतही तेच चालतं. गंमत म्हणजे पापणी सरळ असताना ती चकती झाकलेली राहते. त्यामुळे नुसतं समोरून टॉर्च मारून पाहिलं तर ती निसटते.

अश्रुग्रंथी खोबणीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात असते. तिथे लिम्फोमा झाला की पापणीचा बाहेरचा अर्धा भाग लोंबतो आणि बोटाला रबरासारखी गाठ लागते. खोबणीत खोलवर असला तर डोळा हळूहळू पुढे येतो किंवा एका बाजूला सरकतो आणि एकाची दोन दिसू लागतात. डोळे पुढे येण्याचं प्रौढांमधलं नेहमीचं कारण थायरॉइड, त्यामुळे त्याची रक्ततपासणी होतेच. आपल्याकडे क्षयही डोक्यात ठेवावा लागतो.

मग सीटी किंवा एमआरआय. लिम्फोमाचा गोळा मऊ असतो. तो डोळ्याला दाबून चेपत नाही आणि सहसा हाडही खात नाही. वाटीवर ओली कणीक थापावी तसा डोळ्याच्या गोलाईला धरून पसरतो. ही खूण फार उपयोगी पडते. पण संशय बळावणं वेगळं आणि निदान होणं वेगळं, कारण दाहामुळे आलेली सूजही कधीकधी अशीच दिसते.

स्टिरॉइडचा चकवा

सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. सूज दिसली, संसर्गाची चिन्हं नाहीत, तेव्हा ‘दाह असावा’ म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. आठवड्याभरात सूज ओसरते. रुग्ण खूश, घरचे खूश, आणि दाहाचं निदान बरोबर निघालं असं सगळ्यांना वाटतं.

पण स्टिरॉइड लसिकापेशींनाही मारतं. लिम्फोमाच्या केमोथेरपीत ते मुद्दाम देतात ते त्याचसाठी. म्हणजे सूज उतरल्याने लिम्फोमा नाही हे सिद्ध होत नाही. गोळ्या थांबल्या की सूज परत येते. दरम्यान तुकडा काढला तर त्यात उरलेल्या पेशी इतक्या तुरळक आणि विद्रूप असतात की अहवालावर ‘निश्चित सांगता येत नाही’ असा शेरा पडतो. मग पुन्हा थांबा, पुन्हा तुकडा.

म्हणून अनुभवी नेत्रतज्ज्ञ शक्य असेल तिथे तुकडा आधी काढतात आणि स्टिरॉइड नंतर. दृष्टीच्या नसेवर दाब येऊन नजर धोक्यात असेल तर हा क्रम बदलावा लागतो, पण ती आणीबाणी झाली.

तुकड्यापुरतीही एक खबरदारी आहे. अश्रुग्रंथीत ‘प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा’ नावाची साधी गाठ होते. तिला मधूनच छेद दिला तर पेशी सांडून ती पुनःपुन्हा उगवते आणि पुढे कर्करोगातही बदलू शकते. ती अख्खी, वेष्टनासकट काढायची असते. लिम्फोमाचं नेमकं उलटं: त्याचा फक्त नमुना घ्यायचा, सगळं खरवडून काढायला जायचं नाही, कारण त्याचा उपचार सुरीने होत नाही. तेव्हा स्कॅन आधी नीट वाचावा लागतो आणि मगच सुरी कशी चालवायची हे ठरतं.

काचपट्टीवर काय दिसतं?

नेत्रश्लेष्मलेवरचा तुकडा जागा बधिर करून काही मिनिटांत निघतो. अश्रुग्रंथीसाठी वरच्या पापणीच्या नैसर्गिक घडीतून छेद घेतात, त्यामुळे व्रण घडीत लपतो. तुकडा चिमट्यात चेंगरला जाऊ नये याची काळजी घेतात. या पेशी नाजूक असतात आणि चेंगरल्या की वाचता येत नाहीत. शक्य असेल तिथे त्याचे दोन भाग करतात. एक फॉर्मलिनच्या बाटलीत आणि दुसरा ताजा, सलाइनमध्ये किंवा पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावात. सगळाच फॉर्मलिनमध्ये टाकला तर फ्लो सायटोमेट्री ही जिवंत पेशी मोजणारी तपासणी हुकते.

प्रयोगशाळेत फॉर्मलिनमधला तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप घेतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात लसिकापेशींची गर्दी दिसते. पण गर्दी तर साध्या दाहातही असते. मग खरी पारख सुरू होते ती प्रतिपिंड लावून. प्रत्येक पेशीच्या अंगावर ठरावीक प्रथिनं असतात, त्यांना ‘सीडी’ आणि पुढे क्रमांक अशी नावं आहेत. सीडी२० शोधणारं प्रतिपिंड कापावर सोडलं की बी-पेशींच्या कडा तपकिरी उमटतात.

पुढचा प्रश्न: या सगळ्या बी-पेशी एकाच पेशीची पिल्लावळ आहेत का? त्याचं उत्तर मोठं सुबक आहे. प्रत्येक बी-पेशी आपल्या प्रतिपिंडात दोनपैकी एकाच जातीची हलकी साखळी वापरते, कापा किंवा लॅम्डा. दाहात वेगवेगळ्या घराण्यांतल्या पेशी जमलेल्या असतात, म्हणून दोन्ही साखळ्या मिसळलेल्या दिसतात. माणसात साधारण दोन कापांमागे एक लॅम्डा. लिम्फोमात जवळजवळ सगळ्या पेशी एकच साखळी दाखवतात. शरीरात पाहुणे आले की घुसखोरांचं एकच कुटुंब वाढलं, हे त्या प्रमाणावरून कळतं. तेवढ्याने भागलं नाही तर जनुकांची तपासणी करतात.

मग जात ठरते. सीडी५ आणि सायक्लिन डी१ दोन्ही सकारात्मक आले तर मँटल सेल. सीडी१० आणि बीसीएल२ असेल तर फॉलिक्युलरकडे कल. दोन्हीकडे नकार, पेशी लहान आणि आजूबाजूच्या ग्रंथींच्या अस्तरात घुसलेल्या, तर माल्ट. केआय-६७ या खुणेवरून किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते कळतं. माल्टमध्ये हा आकडा कमी असतो, मोठ्या पेशींच्या लिम्फोमात बराच चढतो. याच कापांवर आयजीजी४ असलेल्या पेशीही मोजता येतात. मिकुलिचला हे कुठलंच साधन मिळालं नव्हतं.

डोळ्यापुरता, की अंगभर?

नाव कळलं तरी पत्ता कळायचा असतो. डोळ्याजवळचा लिम्फोमा तिथेच सुरू झालेला असू शकतो किंवा दुसरीकडचा इथे येऊन दिसलेला असू शकतो. यात जागेलाही महत्त्व आहे. नेत्रश्लेष्मलेवरचा लिम्फोमा बहुधा तिथल्या तिथेच असतो. पापणीच्या लिम्फोमात शरीरात इतरत्र आजार सापडण्याची शक्यता सर्वाधिक. काहींच्या दोन्ही डोळ्यांत तो असतो, म्हणून दुसऱ्या डोळ्याचीही पापणी उलटून पाहायची.

रक्ततपासण्या, एलडीएच, पेट-सीटी आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी होते. संथ माल्ट लिम्फोमा पेटवर फारसा उजळत नाही, त्यामुळे डोळ्यापाशी पेट कोरा आला म्हणून निदान खोटं ठरत नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासतात. कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सांधेदुखी असेल तर शोग्रेनच्या आजाराचा शोध घेतात. हेन्रिक शोग्रेन हा स्वीडिश नेत्रतज्ज्ञ, १९३३ साली त्याने तो वर्णन केला. त्यात शरीर आपल्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उठतं, आणि तिथला सततचा दाह पुढे माल्ट लिम्फोमाला वाट करून देऊ शकतो.

पोपटाचा जंतू आणि मिलानमधलं संशोधन

सततचा दाह लिम्फोमाला खतपाणी घालतो, ही कल्पना जठराने पक्की केली. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा अल्सरशी संबंध दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९३ साली, आयझॅकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की तो जंतू प्रतिजैविकांनी घालवला की जठरातला माल्ट लिम्फोमाही अनेकांत विरून जातो. कर्करोग, आणि तो प्रतिजैविकाने मागे हटतो, हे ऐकायलाच नवं होतं.

मग डोळ्यापाशीही एखादा जंतू दडलेला असेल का? इटलीत आंद्रेस फेरेरी आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्णांचे तुकडे तपासले आणि २००४ साली जाहीर केलं की त्यांतल्या ८० टक्क्यांत क्लॅमिडिया सिटाकी या जंतूचा डीएनए सापडला. हा पोपट, कबुतरं आणि कोंबड्यांमध्ये राहणारा जंतू. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून विकायला आणलेल्या पोपटांमधून त्याने युरोप-अमेरिकेत जीवघेण्या न्यूमोनियाची साथ पसरवली होती. पुढच्याच वर्षी याच गटाने डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्या दिल्या, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवडे. काही गाठी महिन्यांच्या काळात लहान झाल्या, काही पूर्ण गेल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना उतार पडला.

पण गोष्ट इथे सरळ राहिली नाही. कोरियात हा जंतू बऱ्याच रुग्णांत सापडला. अमेरिकेत आणि जपानमध्ये फारसा सापडेना. शिवाय जंतू न सापडलेल्या काही रुग्णांच्याही गाठी डॉक्सिसायक्लिनने उतरल्या. प्रदेश बदलला की कारण बदलतं, असं दिसतं. त्यामुळे आज हा उपचार सरसकट नाही. लहान, संथ, नजरेला धोका नसलेला माल्ट असेल आणि थांबायची तयारी असेल तर विचारात घेण्यासारखा आहे. जोरकस लिम्फोमात त्याला जागा नाही.

कमी देण्याचं शास्त्र

एकाच जागी असलेल्या माल्ट लिम्फोमाचा भरवशाचा उपचार म्हणजे किरणोपचार. आपल्याकडे रुग्ण त्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. पूर्वी ४० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) आसपास डोस दिला जाई. गाठ जायची, पण डोळा कोरडा पडायचा, मोतीबिंदू व्हायचा. मग ब्रिटनमधल्या एका चाचणीने, २०११ साली तिचे निष्कर्ष आले, संथ लिम्फोमाला २४ ग्रे पुरतात हे दाखवलं. बारा भागांत, सोमवार ते शुक्रवार, अडीच आठवड्यांत काम संपतं. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा घालून डोकं स्थिर ठेवतात आणि शक्य असेल तिथे लेन्सवर ढाल धरतात. तरी मोतीबिंदू झालाच तर तो शस्त्रक्रियेने काढता येतो.

तिथेही माणसं थांबली नाहीत. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात डोळ्याभोवतीच्या संथ बी-पेशी लिम्फोमाच्या ५० रुग्णांना आधी फक्त ४ ग्रे दिले, दोनच दिवसांत. काही महिने वाट पाहिली. ज्यांच्यात आजार उरला त्यांनाच पुढचे २० ग्रे, असं ठरलं होतं. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १० पैकी ९ जणांची गाठ त्या चार ग्रेमध्येच पूर्ण गेली.

आणि काही वेळा काहीच न देणंही चालतं. जपानमधल्या एका अभ्यासात डोळ्याभोवतीच्या माल्ट लिम्फोमाच्या ३६ रुग्णांवर सुरुवातीला उपचार न करता नुसती नजर ठेवली. सात वर्षांच्या आसपासच्या देखरेखीनंतरही २५ जणांना उपचाराची गरज पडली नव्हती. वय झालेल्या, दुसऱ्या आजारांनी बेजार असलेल्या माणसाला हा पर्याय उघडपणे सांगायला हवा.

आजार दोन्ही डोळ्यांत किंवा अंगभर असेल तर रिटुक्सिमॅब हे सीडी२० ला जाऊन चिकटणारं प्रतिपिंड सलाइनमधून देतात, एकटं किंवा केमोबरोबर. तपासणीत ज्या खुणेमुळे पेशी तपकिरी उमटल्या, त्याच खुणेवर औषध नेम धरतं. अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. २००७ साली डॉ. रेड्डीजने भारतात त्याचं स्वस्त देशी रूप आणलं. या औषधाने सुप्त हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी ती रक्ततपासणी टाळायची नाही. मोठ्या पेशींच्या लिम्फोमात मात्र हलक्या हाताला वाव नाही. तिथे ‘आर-चॉप’ म्हणजे रिटुक्सिमॅब, तीन केमो औषधं आणि स्टिरॉइड असं पूर्ण पथक लागतं.

डोळ्याच्या आतला वेगळा

डोळ्याच्या आत, काचद्रव्यात आणि पडद्यावर होणारा लिम्फोमा हा या सगळ्यांचा नातेवाईक असला तरी स्वभावाने निराळा. तो बहुधा मोठ्या पेशींचा असतो आणि त्याचं नातं मेंदूशी असतं. अनेकांत पुढे मेंदूतही तो दिसतो. रुग्ण सांगतो, डोळ्यापुढे जाळी तरंगते, धूसर दिसतं. तो दिसतो यूव्हायटिससारखा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहासारखा, स्टिरॉइडने काही काळ सुधारतो, मग परत येतो. साठीनंतर पहिल्यांदाच झालेला आणि स्टिरॉइड कमी केलं की उलटणारा यूव्हायटिस असेल तर काचद्रव्य काढून तपासतात. त्यात इंटरल्युकिन-१० चं प्रमाण आणि एमवायडी८८ या जनुकातला बदल शोधतात, आणि मेंदूचा एमआरआय करतात. इथेही घाईघाईत चालू केलेलं स्टिरॉइडच पेशी लपवतं.

रुग्णाने काय करावं?

न दुखणारी पापणीची सूज किंवा डोळ्याचा गुलाबीपणा थेंबांनी तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर नेत्रतज्ज्ञाला पापणी उलटून पाहायला सांगावं. स्टिरॉइडच्या गोळ्या लिहिल्या गेल्या तर विचारावं, ‘डॉक्टर, आधी तुकडा काढायला हवा का?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतोच. तुकडा काढला तर मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात त्या दाखवून दुसरं मत घेता येतं. लिम्फोमात दुसऱ्या मताने जात बदलली तर उपचारही बदलतो.

माल्ट लिम्फोमाचं निदान झालेली बहुतेक माणसं या आजाराने जात नाहीत. पण तो आठ-दहा वर्षांनीही दुसऱ्या डोळ्यात किंवा शरीरात दुसरीकडे डोकं वर काढू शकतो. म्हणून सूज गेली तरी फाइल बंद करायची नाही: पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, नेत्रतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ दोघांकडे. आणि दर वेळी पहिला अहवाल बरोबर न्यायचा, कारण पुढची गाठ आली तर तिची तुलना त्याच्याशीच करायची असते.